हक फिन कुठली मराठी बोलणार?

गेल्या डिसेंबरात बडोद्याला गेलो होतो. माझी मावसबहीण तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे गेली, तिच्या मोठ्या मुलाचं लग्न. लग्न आटोपलं आणि गाडीला दोन दिवस होते. भाऊजी पक्के बडोदेकर, चार पिढ्या दांडियाबाजारात गेलेल्या. पाहुण्याला बडोदं दाखवायचं म्हणजे त्यांचा फेरा ठरलेला: न्यायमंदिर, सुरसागर, लक्ष्मीविलास. सुरसागराच्या कठड्याशी उभे असताना ते म्हणाले, "तुम्ही लिहिता म्हणून सांगतो, आमच्या बडोद्याला मार्क ट्वेन येऊन गेलाय." मी म्हटलं, "हो, १८९६ साली." भाऊजी खूश झाले. आणि मग म्हणाले, "तोच ना, लहान मुलांच्या गोष्टीवाला?"

तेव्हा मी गप्प बसलो. लग्नघरच्या यजमानाशी वाद घालणं बरं दिसत नाही. म्हणून इथं घालतो, आणि भाऊजींशी नाही, कारण चूक त्यांची नाहीच. ट्वेन मराठीत आला तोच मुलांच्या कपाटात. मला तो भेटला तो शाळेच्या ग्रंथालयात, शंभरेक पानांचं पुस्तक, मुखपृष्ठावर कुंपण रंगवणारा टॉम. हकचंही तसंच. तराफ्यावरून पळालेल्या मुलाची गंमत एवढंच त्यात होतं. जिम होता, पण तो कशापासून पळतोय हे दोन ओळींत उरकलं होतं. त्या पुस्तकाने मला आनंद दिला हे कबूल. पण त्या आनंदापायी पुढची वीस वर्षं मी ट्वेनकडे वळलो नाही. लहानपणी वाचून झाला होता ना!

आधी बडोद्याची हकीकत सांगतो, कारण ती आपल्याकडे नीट कुणी सांगत नाही. १८९४ साली ट्वेनची प्रकाशन संस्था बुडाली. साठीला आलेला माणूस कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत निघाला. बायको आणि मधली मुलगी क्लारा बरोबर होती. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईला उतरला आणि ३१ जानेवारीला बडोद्यात सयाजीराव महाराजांपुढे त्याचं व्याख्यान झालं. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात बडोदं आहे. भित्रा वाटू नये म्हणून तो हत्तीवर बसला, आणि भीती वाटत होतीच हेही त्याने लिहून टाकलं. सोन्याचांदीच्या तोफा त्याने पाहिल्या. आणि ज्याच्यासमोर भाऊजी मला फोटोला उभं करत होते त्या नव्याकोऱ्या राजवाड्याला त्याने चक्क नावं ठेवली. ही इमारत परकी आहे, या देशाच्या मातीशी तिचं काही नातं नाही, जुना वाडाच खरा, असा त्याचा निकाल. पाहुणचार घेऊन वर हे! भाऊजींना हे सांगितलं नाही. इथं वाचलं तर माफ करतील.

त्या संध्याकाळी समोरासमोर कोण बसलं होतं बघा. 'प्रिन्स अँड द पॉपर' लिहून ट्वेनला पंधराएक वर्षं झाली होती: भिकाऱ्याचं पोर आणि राजपुत्र यांची अदलाबदल. आणि समोर बसलेला राजा कोण? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ, ज्याला १८७५ साली वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक घेऊन गादीवर बसवलं. अक्षरओळख सुद्धा त्यानंतरची. मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केलं नसतं तर हा मुलगा गुरांमागेच राहिला असता. ट्वेनने कादंबरीत कल्पिलं ते बडोद्यात सरकारी कागदोपत्री घडलेलं होतं. आणि त्या मुलाने मोठेपणी काय केलं? १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणून गावोगाव वाचनालयं आणि फिरत्या पेट्या सुरू केल्या. बोर्डन कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा. त्याच कनेक्टिकटात त्याच वर्षी एप्रिलमध्ये ट्वेन वारला. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्या लोखंडी मांडण्या आणि काचेच्या जमिनी आहेत. दुसऱ्या दिवशी मी तिथं गेलो, आणि राजवाड्यापेक्षा मला तीच इमारत जास्त आवडली. तिला ट्वेनने काय म्हटलं असतं कोण जाणे.

हे सगळं मनात घोळत घरी आलो तर धाकट्या भाचीच्या टेबलावर एक जाडजूड खंड. ती इंग्रजी घेऊन एम.ए. करते. 'मिसिसिपी रायटिंग्ज', लायब्ररी ऑफ अमेरिका, १९८२ सालचं संपादन. टॉम, हक, 'लाइफ ऑन द मिसिसिपी' आणि 'पडनहेड विल्सन', हजारावर पानं एका बांधणीत. ही संस्था नफ्यासाठी नाही. १९७९ साली सरकारी आणि फोर्ड फाउंडेशनच्या पैशांवर उभी राहिली, ती आपले मोठे लेखक पूर्ण, शुद्ध पाठासह, आणि कायम बाजारात मिळतील असे छापायला. आपल्याकडे 'समग्र' म्हणजे लेखकाच्या शताब्दीला निघणारा आणि पुढच्या वर्षी न मिळणारा ग्रंथ. असो.

रात्री सगळे झोपले आणि मी 'पडनहेड विल्सन' वाचायला घेतली. १८९४ ची कादंबरी. रॉक्सी ही गुलाम बाई. रंगाने गोरी, पंधरा आणे नव्हे, सोळा भागांतले पंधरा भाग गोरी; उरलेल्या एका भागामुळे गुलाम. आपलं मूल विकलं जाऊ नये म्हणून ती मालकाच्या मुलाशी त्याची पाळण्यात अदलाबदल करते. वीस वर्षांनी बोटांच्या ठशांवरून खरं उघडकीला येतं. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. डाव्या अंगठ्याचा ठसा रोज बघतो, शाईचं पॅड माझ्याच टेबलावर असतं. हे ठसे सरकारी कामात आले ते आपल्याच देशात: हर्शेल नावाच्या साहेबाने १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला कंत्राटदाराच्या हाताचा छाप कागदावर घेतला आणि १८९७ ला कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. ट्वेनची कादंबरी या दोहोंच्या मधली. पण मला झोप आली नाही ती ठशांमुळे नाही. शेवटी खरा वारस आपल्या हवेलीत परत येतो, आणि त्याला लिहिता-वाचता येत नाही, गुलामांच्या वस्तीतली बोली सोडून दुसरं बोलता येत नाही. दिवाणखान्यात तो मेल्याहून मेल्यासारखा होतो. ठशाने त्याला घर परत दिलं, तोंडातली भाषा बदलून दिली नाही. हे मुलांचं पुस्तक आहे?

मुंबईत उतरल्या उतरल्या ट्वेनने हॉटेलात एक प्रसंग पाहिला. युरोपियन साहेबाने नोकराला थोबाडीत मारली आणि नोकराने ती मुकाट घेतली. ट्वेन लिहितो की त्या क्षणी त्याला आपलं बालपण आठवलं, वडिलांनी गुलाम पोराला मारलेलं आठवलं, आणि गावात एका गोऱ्याने क्षुल्लक कारणावरून गुलामाचा जीव घेतला तेही. मुंबईतल्या थपडेने ज्याला मिसूरी दिसली तो माणूस जातीच्या देशात वाचला जायला हवा की नको? आणि आपण त्याचं काय केलं, तर कुंपण रंगवायला लावलं.

गोव्याच्या वाचकांसाठी एक पुरवणी. मुंबईत ट्वेनने ठेवलेल्या पहिल्या नोकराचं नाव मॅन्युअल. त्याचं गाव कुठलं ते ट्वेन सांगत नाही. नाव विचारल्यावर तो म्हणतो की आपण बापासारखे ख्रिस्ती आणि आईसारखे उच्च ब्राह्मण, दोन्ही. वर 'साल्वेशन आर्मी'चंही नाव घेतो. ट्वेनला हे फार विनोदी वाटलं. आपल्याला नाही वाटणार. ख्रिस्ती बामण गोव्यात कुणाला नवा आहे? तिथं ट्वेन कमी पडला. मोठा लेखक पूर्ण वाचायचा तो अशासाठीही, की तो कुठं कमी पडतो ते दिसावं.

आता मूळ भांडणाकडे येतो. समजा उद्या एखाद्या संस्थेने ठरवलं, ट्वेनचं सगळं कथासाहित्य मराठीत आणायचं, काटछाट न करता. तर हक कुठल्या मराठीत बोलणार?

'हकलबरी फिन'च्या सुरुवातीला ट्वेनने टीप दिली आहे की या पुस्तकात मिसूरीतल्या काळ्या लोकांची बोली, आडरानातली बोली, पाइक काउंटीची बोली आणि तिचे चार पोटप्रकार वापरले आहेत. मोजून सात. हे त्याने कष्टाने आणि ओळखीच्या कानाने केलं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे कथा सांगणारा हकच बोलीत सांगतो. म्हणजे त्या पुस्तकात 'शुद्ध' बोलणारा, वर उभा राहून बाकीच्यांना हसणारा कुणी निवेदक नाही. १८८५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डच्या वाचनालयाने पुस्तक कपाटातून काढलं. ते भाग्यवान, त्यांना कळलं होतं की हे धोक्याचं आहे. आपण त्याला बक्षीस समारंभात वाटलं.

आपल्या कथा-नाटकांची जुनी रीत अशी की मालक पुस्तकी मराठीत बोलणार आणि गडी, मोलकरीण, शेतकरी बोलीत. बोली आली की प्रेक्षक हसायला तयार. या रीतीने हक मराठीत आणला तर काय होईल? हक सदाशिव पेठेतल्या मुलासारखा बोलेल आणि जिम तेवढा 'व्हय जी' करेल. म्हणजे ट्वेनने जे मोडलं ते आपण परत उभं करणार, वर त्याला अनुवाद म्हणणार. जिमला पकडून देण्याचं पत्र हक लिहितो आणि मग फाडतो, नरकात जायला तयार होऊन फाडतो. त्याच्या अंगात शिकवलेली नीती आणि स्वतःचं काळीज यांची झटापट आहे. शिकवलेली नीती शिकवलेल्या भाषेत येते. काळीज घरच्या भाषेत बोलतं. दोन्हीला एकच गुळगुळीत मराठी दिली की पत्र फाडण्यात काही उरत नाही, कागद फाटतो एवढंच.

"मराठीत हे जमत नाही" असं कुणी म्हणू नये. उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये 'धग' लिहिली, वऱ्हाडीत माणसं जगताना दाखवली, हसवायला नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० चं. मराठीने आपलं काम केलं आहे. काम केलं नाही ते आपण, गोव्यातल्या मराठीवाल्यांनी.

हे वाचून काहींना राग येईल. येऊ दे. राजभाषेच्या आंदोलनात मी पाच-सात वर्षांचा होतो, पण घरातल्या चर्चा आठवतात आणि नंतरची भाषणं तर पाठ आहेत. १९८७ चा कायदा झाला तरी आपला युक्तिवाद चालूच: कोकणी ही स्वतंत्र भाषा नव्हे, मराठीची बोली. ठीक. क्षणभर तसं धरून चालू. मग जिला बोली म्हणून आपली म्हणालो, तिला आपल्या मराठी लिखाणात बसायला पाट तरी दिला का? थोडे अपवाद सोडा. संवादात चार शब्द, तेही अवतरण चिन्हात, सोवळ्यातल्यासारखे वेगळे ठेवलेले. निवेदन मात्र पुण्याहून आणल्यासारखं. घरी आई जे बोलते त्याला ती स्वतः 'आमचें उलोवप' म्हणते, भांडणाशी तिला देणंघेणं नाही. तिच्या त्या बोलण्यात नदीचे किती शब्द आहेत! हुंवार, धुंवर, व्हडें, तार, मानस, खाजन. मिसिसिपीवरच्या पुस्तकाला हे शब्द लागणार. पूर, धुकं, होडी यांनी अर्थ पोचेल, नदी पोचणार नाही. मांडवीच्या काठच्या माणसाला मिसिसिपी सांगायची तर हीच शिदोरी.

आणि मी? पंधरा वर्षांपूर्वी माझी एक कथा पुण्याच्या एका मासिकाने घेतली. सुरुवातीलाच 'हुंवार' होता. छापून आली तेव्हा 'पूर' झाला होता. संपादकांनी पत्रात लिहिलं की प्रादेशिक शब्दांनी वाचक अडखळतो, भाषेवर थोडे संस्कार केले आहेत. मी उलट टपाली आभार मानले. आभार! त्यानंतर मी जे लिहिलं त्यात एकदाही 'हुंवार' आणला नाही, कुणी सांगितलं नसताना. संपादकाने एक शब्द काढला, बाकीचे मी स्वतः काढले.

बडोद्यात हे जास्त लागलं, कारण तिथली आपली माणसंही तशीच अवघडलेली. भाऊजींच्या मराठीत गुजराती मिसळलेलं. 'मला फावेल', 'फावणार नाही' हे तर दर वाक्याला. कानाला गोड लागतं. पण लग्नाला पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर ते दर दहा मिनिटांनी म्हणत, "आमची मराठी जरा बिघडलेली हं." कुणाच्या मापाने बिघडलेली? १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८, चार साहित्य संमेलनं ज्या शहराने भरवली, ज्या दरबाराने दोन लाखांच्या निधीच्या व्याजावर सयाजी साहित्यमाला चालवून मराठी-गुजरातीत ग्रंथांमागून ग्रंथ काढले, तिथला माणूस आपल्या तोंडातल्या मराठीची माफी मागतो. बॉस्टनवाल्यांपुढे मिसूरीच्या माणसाने अशीच माफी मागितली असती तर हक लिहिलाच गेला नसता.

"इंग्रजीत आहे की, वाचा," हे उत्तर मला ठाऊक आहे. शिकलेली मुलं इंग्रजीत वाचतात हेही खरं. पण इंग्रजीतला हक वाचायला माझी भाची सुद्धा अडते, कारण तो शाळेतल्या इंग्रजीत बोलत नाही. आणि तिला न अडता वाचता आला तरी त्याने माझ्या भाषेत काय हललं? अनुवाद वाचकाची सोय म्हणून नसतो, आपली भाषा कुठवर ताणते ते कळायला असतो.

दुसरं उत्तर: "निवडक करू, समग्र कशाला?" निवडणारा कोण, हा प्रश्न आहे. ट्वेन गेल्यावर १९१६ मध्ये 'द मिस्टीरियस स्ट्रेंजर' म्हणून जे पुस्तक आलं ते त्याच्या चरित्रकाराने आणि प्रकाशकाच्या माणसाने अपुऱ्या हस्तलिखितांना कापून जोडून बनवलेलं होतं. लोकांना हे १९६३ साली कळलं. सत्तेचाळीस वर्षं लोक ट्वेनचं म्हणून दुसऱ्याचं शिवणकाम वाचत होते. २०११ मध्ये अमेरिकेतच हकची एक आवृत्ती निघाली, तिच्यात काळ्यांसाठीचा तो अपमानाचा शब्द दोनशेहून अधिक ठिकाणी काढून 'गुलाम' घातला. हेतू चांगला असेल. मराठीत हा प्रश्न आणखी अवघड होणार, कारण त्या शब्दाच्या जागी येऊ शकतील असे आपले शब्द जातींची नावं आहेत आणि ती अजून शिवी म्हणून वापरली जातात. त्यावर माझ्याजवळ तयार उत्तर नाही. पण झाकून ठेवणं हे उत्तर नव्हे. पानाखाली टीप द्या, प्रस्तावना लिहा, जो शब्द घ्याल त्याची जबाबदारी सही करून घ्या.

करणार कोण? एकट्याचं काम नाही. टॉम एका हातून होईल, हकला चार हात लागतील: एक वऱ्हाडचा, एक मराठवाड्याचा, एक बडोद्याचा का नसावा, आणि एक आपला. सात बोलींना मराठीत सात जागा मिळतील. आपल्या संस्था दरवर्षी संमेलनात मराठीच्या भवितव्यावर परिसंवाद घेतात. त्या मांडवाच्या खर्चात एका वर्षी हे सुरू करावं. मांडव नसला तरी भवितव्य कुठे जात नाही.

निघायच्या आदल्या रात्री मी वहीत दोन पानं उतरवून पाहिली. हक आणि जिम धुक्यात एकमेकांना चुकतात तो भाग. पहिल्यांदा नेहमीच्या मराठीत केलं. वाचून पाहिलं तर सरकारी परिपत्रक. फाडलं. मग घरच्या शब्दांनी, मराठीच, पण हात मोकळा सोडून. किती वर्षांनी कोण जाणे, वाक्य आपोआप पुढे सरकत होतं.

सकाळी वही टेबलावरच राहिली आणि भाचीने ती उघडली. वाचता वाचता थांबली.

"मामा, हुंवार म्हणजे काय?"

मी सांगणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताई बाहेर आली, पिठाच्या हातांनी. "कोण म्हणालं हुंवार?" तिने वही घेतली नाही, हात खराब होते. भाचीला म्हणाली, "वाच बघू पुन्हा." भाची वाचू लागली. पोळी तव्यावर करपली तरी ताई दारातून हलली नाही, आणि मध्येच एका शब्दाशी तिला थांबवून मला म्हणाली, "धुंवर असो पातळ नासता रे, बाबा. तुका उगडास ना? पलतड दिसना जाता."

तो शब्द मी दुरुस्त केला.